टॅग लावलेल्या शार्कचा रोबोने माग काढताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

रोबोटिक्सच्या गटांकडून आणि मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून एक तक्रार सतत ऐकायला मिळते. रोबो व्यवस्थित चालला, टॅगचा आवाज ऐकणारं यंत्र, म्हणजे रिसीव्हर, चालू होता, ठरलेल्या पट्ट्यात फेऱ्या मारून झाल्या, पण टॅग लावलेला एकही मासा सापडला नाही. मग रिसीव्हर बिघडलाय का? बहुतेक वेळा रिसीव्हर ठणठणीत असतो. गडबड कामाच्या क्रमात असते. रोबो आधी पाण्यात जातो आणि त्याला किती लांबचं ऐकू येतं हा प्रश्न परत आल्यावर सुचतो. तोवर जमलेल्या डेटातून 'शार्क इथे होता' एवढं कसंबसं म्हणता येतं. 'शार्क इथे नव्हता' असं म्हणायचा अधिकार मात्र आपण गमावलेला असतो.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करायचे आहेत. उदाहरण म्हणून डोळ्यांपुढे ठेवलंय अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं काम. तिथे डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी ग्लायडरवर, म्हणजे प्रोपेलर नसलेल्या पाण्याखालच्या रोबोवर, रिसीव्हर बसवून, आधी टॅग लावलेल्या सँड टायगर शार्कचा आणि अटलांटिक स्टर्जन या माशाचा शोध घेतला. प्राणी आणि पाणी वेगळं असलं तरी क्रम तोच राहतो.

## टप्पा १: टॅग कुठला आहे ते आधी नक्की करा

आपल्याकडे टॅग म्हटलं की कोकणातली कासवं आठवतात. २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागरच्या किनाऱ्यांवर पाच ऑलिव्ह रिडले कासवांना टॅग लावले, ते उपग्रहाचे होते. कासव श्वास घ्यायला वर आलं की टॅगची अँटेना हवेत येते आणि संदेश उपग्रहाकडे जातो. खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जवळपास जातच नाहीत, त्यामुळे कासव बुडालेलं असताना हा टॅग गप्प असतो. पाण्याखालच्या रोबोला तो ऐकू येणार नाही. रोबोने माग काढायचा तर टॅग आवाजाचा, म्हणजे ध्वनिटॅग लागतो.

ध्वनिटॅगचे तीन प्रकार कामाचे आहेत.

सांकेतिक टॅग ठरावीक काळाने एक छोटी पिंगमालिका, म्हणजे आखूड आवाजांची माळ, सोडतो. पिंग आणि पिंग यांच्यातल्या अंतरांत त्या टॅगचा क्रमांक लपलेला असतो. मोठ्या माशांसाठी ६९ किलोहर्ट्झ ही वारंवारता सर्रास वापरतात. लहान माशांच्या छोट्या टॅगसाठी १८० किलोहर्ट्झ असते, पण वारंवारता जितकी जास्त तितका आवाज पाण्यात लवकर विरतो आणि पल्ला घटतो.

जलद टॅग दर एक-दोन सेकंदांनी पिंग करतो. त्याची बॅटरी लवकर संपते, पण प्राण्याच्या मागोमाग जायचं असेल तर हाच हवा.

ट्रान्सपाँडर रोबोने विचारल्यावरच उत्तर देतो. विचारल्यापासून उत्तर येईपर्यंतच्या वेळेवरून अंतर कळतं आणि उत्तराच्या कोनावरून दिशा.

प्राणी कुठल्या पाण्यात राहतो हे बघायचं तर सांकेतिक टॅग आणि ग्लायडर. तो या तासात काय करतोय हे बघायचं तर जलद टॅग किंवा ट्रान्सपाँडर, आणि प्रोपेलरचा रोबो. दोन्ही एकाच मोहिमेत साधायचा मोह टाळा.

टॅग लावण्याचं काम प्रशिक्षित माणसाचं आहे, म्हणून इथे दोनच गोष्टी सांगतो. माशाच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जड टॅग नको, असा जुना ढोबळ नियम आहे. लहान माशांच्या बाबतीत तो पाळा. आणि पकडल्या-सोडल्यानंतरचं सुरुवातीचं वागणं त्या प्राण्याचं नेहमीचं वागणं समजू नका.

तपासा: टॅगची वारंवारता, क्रमांकाची पद्धत आणि रिसीव्हर हे तिन्ही एकमेकांना जुळतात ना? टॅग पाण्याच्या बादलीत ठेवून रिसीव्हरवर त्याचा क्रमांक उमटलेला बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: वाहन निवडा

ग्लायडरला प्रोपेलर नसतो. पोटातला पंप त्याचं आकारमान किंचित कमी-जास्त करतो, त्याने तो बुडतो किंवा वर येतो, आणि पंखांमुळे खाली-वर जाताना पुढेही सरकतो. वेग सेकंदाला साधारण ०.३ मीटर, म्हणजे तासाला एक किलोमीटरच्या आसपास. पण तो आठवडेच्या आठवडे पाण्यात राहतो, प्रोपेलर नसल्याने बराचसा शांत असतो, आणि करवतीच्या दात्यांसारख्या वाटेने जात असल्याने पृष्ठभागापासून तळापर्यंतचं पाणी ऐकत आणि मोजत जातो.

प्रोपेलरचा रोबो वेगवान. रेमस-१०० हा त्यातला नेहमी वापरला जाणारा: १.६ मीटर लांब, ३७ किलोंच्या आसपास वजन, १०० मीटर खोलीपर्यंत चालणारा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने बनवलेला 'माया' याच जातीचा. हे रोबो सरळ रेषा धरतात, वळतात, परत येतात, पण चार्ज तासांत संपतो, दिवसांत नाही.

प्रवाहाचा हिशेब इथेच करा. भरती-ओहोटीचा ओढा सेकंदाला अर्धा मीटर असलेल्या खाडीच्या तोंडाशी ग्लायडर सोडला, तर तो प्रवाह नेईल तिकडे जाणार. अशा जागी ग्लायडर निवडणं म्हणजे पैसे देऊन ओंडका विकत घेणं.

## टप्पा ३: परवानग्या आणि निरोप

हे रटाळ काम आहे, पण मोहीम रद्द होते ती याच्यापायी. टॅग लावायची परवानगी वेगळी, समुद्रात यंत्र सोडायची वेगळी. आपल्या किनाऱ्यावर कोणी करणार असेल तर व्हेल शार्क आणि समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. नौदल आणि तटरक्षक दल यांना न कळवता पाण्यात पिवळी पाणबुडी सोडली, तर पुढचे काही दिवस शार्कऐवजी तुमचीच चौकशी चालेल.

मच्छीमार सोसायटीत स्वतः जाऊन तांडेलांशी, म्हणजे होड्यांच्या प्रमुखांशी, बोला. ट्रॉलरच्या जाळ्यात ग्लायडर सापडणं ही काही दुर्मीळ घटना नाही. यंत्राच्या अंगावर मराठीत ठळक लिहा: हे काय आहे, धोकादायक नाही, सापडल्यास कुठे फोन करायचा.

## टप्पा ४: रिसीव्हर बसवणं आणि रोबोचा स्वतःचा गोंगाट

हायड्रोफोन, म्हणजे रिसीव्हरचा पाण्याखालचा मायक्रोफोन, रोबोच्या अंगापासून थोडा बाहेर आला पाहिजे. अंगाला चिकटवला तर रोबोचीच सावली पडते आणि एका बाजूचे टॅग ऐकू येत नाहीत. दोन रिसीव्हर परवडत असतील तर एक वर आणि एक खाली लावावा. ग्लायडर पृष्ठभागावर आला की वरचा हायड्रोफोन लाटांच्या थपडा आणि बुडबुडे यांत सापडतो; तेव्हा खालचा कामाला येतो.

त्यानंतर गोंगाटाची चाचणी, जी हमखास वगळली जाते. रोबोवर आवाज करणारी कितीतरी उपकरणं असतात: मोटर, पंप, सुकाणू हलवणारी यंत्रणा, तळापासूनची उंची मोजणारा आल्टिमीटर, वेग मोजणारं डॉप्लर यंत्र, आवाजाने तळाचं चित्र काढणारा साइडस्कॅन, आवाजातून संदेश पाठवणारा ध्वनिमोडेम. यांच्यापैकी काहींची वारंवारता ६९ किलोहर्ट्झपासून लांब असली तरी त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचा खरखराट रिसीव्हरपर्यंत पोहोचतो.

करायचं असं: रोबो शांत बंदरात पाण्यात बांधून ठेवा. १०० ते २०० मीटरवर एक टॅग टाका. सगळी उपकरणं बंद ठेवून अर्धा तास मोजा. मग एकेक उपकरण चालू करत, प्रत्येक वेळी तेवढाच वेळ मोजा. कुठलं चालू केल्यावर ओळख पटलेल्या नोंदींची संख्या घसरते ते लिहून ठेवा. जे बंद करता येईल ते बंद करा; जे करता येत नाही ते एकसारखं चालू ठेवा. अधूनमधून चालू-बंद होणारं उपकरण सगळ्यात वाईट, कारण त्यामुळे ऐकू येण्याचा पल्ला वाटेत बदलत राहतो आणि नंतर कुठे बदलला ते सापडत नाही.

सावधान: सोबतच्या होडीचा फिशफाइंडर (मासे शोधायला आवाज सोडणारं यंत्र) बंद करायला तांडेलाला आठवणीने सांगा.

तपासा: रिसीव्हरच्या नोंदीत एकूण पिंग भरपूर पण ओळखलेले क्रमांक थोडे, असं दिसतंय का? तसं असेल तर एक तर गोंगाट आहे किंवा बरेच टॅग एकाच वेळी बोलताहेत.

## टप्पा ५: पल्ला मोजा

पूर्ण लेखातला हा एक टप्पा नीट केलात तर बाकीच्या चुका सावरता येतात.

टॅग बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात पल्ला दिलेला असतो. तो आदर्श पाण्यातला, स्थिर रिसीव्हरचा असतो. तुमचा रिसीव्हर फिरता आहे, आवाज करणाऱ्या यंत्रावर आहे, आणि तुमच्या पाण्यात आहे. दुसऱ्या गटाने तळाशी नांगरलेल्या रिसीव्हरवर मोजलेला पल्लाही उसना घेऊ नका.

चाचणीची पद्धत

१. ठरावीक, न बदलणाऱ्या अंतराने पिंग करणारा चाचणी-टॅग घ्या, उदाहरणार्थ दर १० सेकंदांनी. तो कधी बोलला हे तुम्हाला नक्की माहीत असल्यामुळे, किती वेळा बोलला आणि त्यातलं किती ऐकू आलं, हे भागाकाराने काढता येतं.

२. प्राणी ज्या खोलीवर असतो त्या खोलीवर तो टॅग नांगरा. सोय म्हणून बोयाखाली दोन मीटरवर बांधला तर तळाशी फिरणाऱ्या शार्कबद्दल काहीच कळणार नाही.

३. रोबो मोहिमेच्याच वेगाने आणि खोलीने टॅगपासून दीड किलोमीटर लांबून आणा, जवळून जाऊ द्या आणि तेवढाच पलीकडे न्या. जाताना आणि येताना, प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध, असं अनेकदा करा.

४. अंतराचे १०० मीटरचे कप्पे पाडा. प्रत्येक कप्प्यात टॅग किती वेळा बोलला आणि किती वेळा ऐकू आला, याचं प्रमाण काढा.

५. ज्या अंतरावर निम्मे आवाज ऐकू येतात ते अंतर म्हणजे तुमचा कामाचा पल्ला. सर्वांत लांबून आलेली एखादी नोंद म्हणजे पल्ला नव्हे. ती नशिबाची गोष्ट.

ही चाचणी वाऱ्याच्या दिवशी आणि शांत दिवशी, दिवसा आणि रात्री, उधाणाच्या (मोठ्या) आणि भांगाच्या (लहान) भरतीला वेगवेगळी करा. वाऱ्याने फेसाळलेल्या पाण्यात बुडबुडे आवाज शोषतात. खडकाळ तळावर किंवा प्रवाळांजवळ टिचक्या मारणाऱ्या कोळंबीचा कडकडाट असतो. तो सहसा संध्याकाळी आणि रात्री वाढतो आणि ६९ किलोहर्ट्झच्याही वर पोहोचतो. रात्री शार्क कमी सापडले म्हणून 'शार्क रात्री निघून जातात' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. शार्क तिथेच असतो. कोळंबी बोलत असते.

आणखी एक अडचण तापमानाच्या थरांची. वर कोमट आणि खाली गार पाणी असेल तर त्यांच्या सीमेवर आवाज वाकतो. सीमेच्या वर फिरणाऱ्या रोबोला सीमेखालचा, अगदी २०० मीटरवरचा टॅगही कदाचित ऐकू येणार नाही. ग्लायडर दोन्ही थरांतून जात असल्याने निदान अर्धा वेळ तो योग्य बाजूला असतो. प्रोपेलरच्या रोबोला प्रत्येक रेषा दोन खोल्यांवर चालवावी लागते. म्हणून चाचणीच्या दिवशी पाण्याचं तापमान खोलीनुसार मोजून ठेवा.

सावधान: अगदी जवळच्या कप्प्यात प्रमाण घसरलेलं दिसलं तर उपकरणावर शंका घेऊ नका. जवळच्या दणदणीत टॅगचा आवाज पृष्ठभागावर आणि तळावर आपटून परत येतो, रिसीव्हर त्या प्रतिध्वनीला पुढचा पिंग समजतो आणि क्रमांक जुळत नाही. शांत आणि उथळ पाण्यात हे जास्त होतं. 'जवळ म्हणजे चांगलं' हे इथे चालत नाही.

चाचणी संपली तरी एक टॅग तिथेच नांगरून ठेवा, मोहीम संपेपर्यंत. रोबोच्या वाटेत तो मधूनमधून येईल असं बघा. मोहिमेच्या दहाव्या दिवशी पल्ला कमी झाला का, याचं उत्तर तोच देतो.

## टप्पा ६: वाट आखा

आता हिशेब. कामाचा पल्ला ४०० मीटर निघाला आणि टॅग सरासरी १२० सेकंदांनी एकदा बोलतो, असं धरू. शार्क जागेवर असेल आणि रोबो बरोबर त्याच्या डोक्यावरून गेला, तर ऐकू येण्याच्या वर्तुळातून रोबोला ८०० मीटर जायचंय.

ग्लायडरला सेकंदाला ०.३ मीटर वेगाने त्याला ४४ मिनिटं लागतील. तेवढ्यात टॅग साधारण २२ वेळा बोलेल.

प्रोपेलरच्या रोबोला सेकंदाला १.५ मीटर वेगाने नऊ मिनिटं. टॅग चार-पाच वेळा बोलेल.

तोच रोबो वर्तुळाच्या कडेने गेला आणि आत फक्त ३०० मीटर चालला, तर २०० सेकंद. टॅग एक किंवा दोन वेळा बोलेल, आणि कडेवर त्यातलं निम्मं ऐकूच येणार नाही.

वेगवान रोबोला जास्त क्षेत्र झाकता येतं म्हणून त्याला शार्क जास्त सापडतील, हा समज या गणितापुढे टिकत नाही. रोबोचा वेग आणि टॅगचा दर एकमेकांना बघून ठरवायचे असतात.

रेषांमधलं अंतर पल्ल्याच्या दुप्पट ठेवलं तर कागदावर पूर्ण क्षेत्र झाकलेलं दिसतं, पण दोन रेषांच्या मधोमध असलेला शार्क दोन्हींच्या कडेवर राहतो. अंतर पल्ल्याइतकं ठेवा. मग सगळ्यात वाईट जागचा शार्कही रेषेपासून २०० मीटरवर असतो आणि रोबो वर्तुळात जवळपास ७०० मीटर चालतो.

चार किलोमीटर बाजूचा चौरस ४०० मीटर अंतराच्या रेषांनी विंचरायचा तर ११ रेषा, वळणांसकट ४८ किलोमीटर. प्रोपेलरच्या रोबोला जवळपास नऊ तास, म्हणजे बॅटरीचा अंत. ग्लायडरला पावणेदोन-दोन दिवस, आणि तोवर शार्क चौरस सोडून गेलेला असू शकतो, कारण ग्लायडरपेक्षा तो सहज वेगाने पोहतो. म्हणून ग्लायडरकडून शार्कची 'गणती' मागू नका. किनाऱ्याला काटकोनात लांब रेषा आखा, म्हणजे उथळ ते खोल, गढूळ ते स्वच्छ असं सगळ्या प्रकारचं पाणी सारखं ऐकलं जाईल. ग्लायडरचं खरं बळ हेच आहे की शार्क ऐकू आला त्या क्षणाचं तापमान आणि क्षारता त्याच्याच नोंदीत असते.

टॅगची गर्दीही मोजा. एक पिंगमालिका चार सेकंदांची आणि दर १२० सेकंदांचा असेल, तर पल्ल्यात दोनच टॅग असताना शंभरातल्या ९३ मालिका सुटसुटीत येतात. दहा टॅग असले तर जेमतेम निम्म्या. वीस असले तर चौथ्या हिश्शाच्या जरा वर. मालिका एकमेकींवर आदळतात आणि कुणाचाच क्रमांक कळत नाही. कळपाने राहणाऱ्या माशांमध्ये टॅग लावणार असाल तर दर संथ ठेवा. तो मुद्दाम अनियमितही ठेवतात, एरवी एकदा जुळलेले दोन टॅग पुन्हा पुन्हा एकमेकांवर बोलत राहतील.

## टप्पा ७: वजन, घड्याळ, गळती

रिसीव्हर बसवला की रोबोचं वजन आणि तोल दोन्ही बदलतात. तराजूवर नाही, पाण्याच्या टाकीत बघा, आणि टाकीतलं पाणी मोहिमेच्या पाण्याइतकं खारट नसेल तर तो फरक हिशेबात धरा. साधारण ६० लिटर पाणी बाजूला सारणारा ग्लायडर घनमीटरला १०२५ किलो घनतेच्या समुद्रासाठी तोललाय आणि नदीच्या तोंडाशी १०१० किलो घनतेच्या पाण्यात शिरला, तर तो अचानक ९०० ग्रॅम जड होतो. उथळ पाण्याच्या ग्लायडरचा पंप सुमारे अर्धा लिटरचा असतो. त्यामुळे असा ग्लायडर वर येऊ शकणार नाही. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी प्रयोग करायचं मनात असेल त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. प्रोपेलरचा रोबो मात्र पाण्यापेक्षा किंचित हलका ठेवतात, म्हणजे बंद पडला तर आपोआप वर येतो.

घड्याळ: रोबो आणि रिसीव्हर यांची घड्याळं वेगळी असतात आणि वेगवेगळ्या गतीने चुकतात. सोडण्याआधी दोन्ही जीपीएसच्या वेळेला लावा आणि किती फरक होता ते लिहा. परत आल्यावर, काहीही बंद करायच्या आधी, पुन्हा फरक लिहा. या दोन आकड्यांशिवाय डेटा जुळत नाही.

सावधान: सगळीकडे जागतिक वेळ वापरा. एका लॅपटॉपवर भारतीय वेळ राहिली की साडेपाच तासांचा घोळ होतो. तो अर्ध्या तासामुळे पटकन पकडला जातो, हे त्यातल्या त्यात बरं. अमेरिकेत काम करणाऱ्यांचा घोळ पूर्ण तासांचा असतो, म्हणून महिनोन्‌महिने कळत नाही.

गळती: सीलच्या रबरी कडीवर केस किंवा वाळूचा कण पुरेसा असतो. कडी बोटाने चाचपून बघा. आतली थोडी हवा काढून दाब रात्रभर स्थिर राहतो का ते पाहा. सकाळी घाई असली तरी ही रात्र वगळू नका.

## टप्पा ८: पाण्यात सोडणं आणि लक्ष ठेवणं

पहिली बुडी दोरी बांधून, पाच मीटरची. वर आल्यावर डेटा बघा. मग वीस मीटरची. मग पूर्ण. दोरी पहिल्या बुडीनंतरच सोडा.

रोबो पाण्याखाली असताना त्याला जीपीएस मिळत नाही. दिशा, वेग आणि वेळ यांवरून तो आपली जागा अंदाजाने ठरवतो. सेकंदाला ०.२ मीटरचा प्रवाह हिशेबात नसेल तर तीन तासांत दोन किलोमीटरहून जास्त चूक होते. म्हणून किती वेळाने वर यायचं हे प्रवाह बघून ठरवा. फार लवकर-लवकर वर आला तर ऐकण्याचा वेळ वाया जातो आणि जहाजांचा धोका वाढतो.

रोज बघायच्या गोष्टी: बॅटरी, आतला दाब, आणि खाली जाण्याचा व वर येण्याचा वेग. वर येणं हळूहळू मंदावत असेल तर शेवाळ-शिंपले चढताहेत किंवा एखादा चिकटमासा, म्हणजे रेमोरा, अंगाला लागलाय. रेमोराला रोबो हा आणखी एक शार्कच वाटतो. शिंपल्यांची चढण दिवसांत होते. रेमोरामुळे फरक एका बुडीत पडतो आणि तो सुटला की पुढच्या बुडीत जातोही. तेव्हा फोन करून मोहीम थांबवायच्या आधी दोन-तीन बुड्या वाट बघा.

## टप्पा ९: मागोमाग जायचं असेल तर

हे वेगळं काम आहे, आणि सांकेतिक टॅग इथे निरुपयोगी आहे. दोन मिनिटांनी एकदा बोलणाऱ्याच्या मागे कसं जाणार?

कॅलिफोर्नियात लेपर्ड शार्कच्या मागे गेलेल्या रोबोंवर दोन हायड्रोफोन बसवले होते. आवाज दोघांपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतो, त्या फरकावरून कोन मिळतो. हायड्रोफोन दीड मीटर अंतरावर असतील तर हा फरक जास्तीत जास्त एक मिलिसेकंद असतो, कारण समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. म्हणजे घड्याळाची अचूकता त्याहून पुष्कळ बारीक हवी.

यात एक जन्मजात खोट आहे: आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे दोन हायड्रोफोनना कळत नाही. नवशिके सरळ रेषेत जात राहतात आणि रोबो आत्मविश्वासाने उलट्या बाजूला निघून जातो. वळा. वळल्यावर खरी बाजू टिकते, खोटी सरकते. सॉफ्टवेअरमध्ये शार्कच्या शेकडो संभाव्य जागा एकदम धरून, प्रत्येक पिंगनंतर न जुळणाऱ्या गाळायच्या ही पद्धत चांगली चालते. रोबोला शार्कच्या शेपटीमागे लावण्यापेक्षा त्याच्याभोवती वळसे घालू द्या. दोन रोबो असतील तर उत्तम.

अमेरिकेतल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या गटाने २०१३ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादलुपे बेटाजवळ पांढऱ्या शार्कना ट्रान्सपाँडर लावून रेमस-१०० त्यांच्या मागे पाठवला. शार्कनी त्यालाच धडका मारल्या आणि चावे घेतले. चित्रीकरण अप्रतिम मिळालं, कारण शार्क खोलातून वर येऊन भक्ष्यावर कसा हल्ला करतो तेच त्यात दिसलं. पण तुमचा प्रश्न शार्क कुठे विसावतो हा असेल, तर ज्या यंत्रावर तो हल्ला करतोय त्याने जमवलेला डेटा काय कामाचा? अंतर राखा. रोबो जवळ आल्यावर प्राण्याचा वेग किंवा खोली बदलते का, हे प्रत्येक पाठलागात वेगळं तपासा.

## टप्पा १०: डेटा

पुढची कामं याच क्रमाने.

१. मूळ फाइल हात न लावता दोन ठिकाणी साठवा.

२. घड्याळाचा फरक दुरुस्त करा.

३. रोबोची वाट दुरुस्त करा: वर आल्यावर जीपीएसने दाखवलेली चूक मागच्या संपूर्ण बुडीवर वाटून द्या.

४. खोट्या नोंदी काढा. गोंगाटातून किंवा आदळलेल्या मालिकांतून कधीकधी अस्तित्वात नसलेला क्रमांक तयार होतो. एका क्रमांकाची एकटी नोंद संशयित धरा. टॅगच्या सरासरी दराच्या ३० पट वेळात, म्हणजे १२० सेकंदांच्या टॅगसाठी एका तासात, दुसरी नोंद असेल तर ती ठेवा. वेगवान रोबोच्या बाबतीत खऱ्या नोंदीही एकट्या असतात, हे टप्पा ६ मध्ये दिसलंच. त्यामुळे त्या पुसून न टाकता वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

५. न हलणारे टॅग शोधा. रोबो परत परत गेला आणि तोच क्रमांक त्याच जागी ऐकू आला, तर टॅग गळून तळाशी पडलाय किंवा प्राणी मेलाय. उलट, संथ माशाचा टॅग अचानक सील या समुद्री सस्तन प्राण्याच्या वेगाने फिरू लागला तर तो बहुधा त्या सीलच्या पोटात आहे.

६. आता नकाशा काढा. नोंदीचा ठिपका म्हणजे रोबोची जागा, शार्कची नव्हे. शार्क त्याभोवतीच्या पल्ल्याच्या वर्तुळात कुठेतरी आहे. ठिपक्याऐवजी वर्तुळ काढा, आणि त्या दिवशीच्या पल्ल्याइतकंच काढा. दोन प्रकारच्या पाण्यांची तुलना करताना प्रत्येकात रोबोने किती तास ऐकलं आणि तेव्हा पल्ला किती होता, याने भागा. तसं न करता काढलेला 'शार्कना गढूळ पाणी आवडतं' हा निष्कर्ष छापू नका.

तपासा: नांगरून ठेवलेल्या टॅगच्या नोंदी पल्ल्याच्या चाचणीशी जुळतात का? जुळत नसतील त्या दिवसांचा 'शार्क नाही' हा निकाल बाद करा. 'शार्क आहे' हा ठेवा.

शेवटी यादीत असे काही क्रमांक उरतात जे तुमचे नाहीत. दुसऱ्या कुणीतरी, कदाचित दुसऱ्या देशात, लावलेले टॅग तुमच्या रोबोने ऐकलेले असतात. ते टाकून देऊ नका. कॅनडात हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठातून चालणारं ओशन ट्रॅकिंग नेटवर्क अशा नोंदी त्यांच्या मालकांपर्यंत पोहोचवतं. पाठवताना क्रमांक, जागतिक वेळ आणि रोबोची दुरुस्त केलेली जागा द्या, आणि सोबत पल्ल्याच्या चाचणीची फाइल जोडा. तिच्याशिवाय समोरच्याला ती नोंद नकाशावर केवढ्या वर्तुळाने काढायची ते कळणार नाही.